एक लांब बूच

दादाच्या शेवटच्या इंजिनाची बुचं मी धुतली. तेराव्याच्या आदल्या दिवशी, मागच्या अंगणात, जुन्या परातीत डिझेल ओतून. मला कोणी सांगितलं नव्हतं. तेच लिहायला बसले आहे, आणि हे वाक्य लिहायलाच मला बरेच दिवस लागले.

शेलूबाजारला हमरस्त्याच्या कडेला आमचं घर, आणि घराला लागून टिनाच्या शेडमध्ये दादाचं गॅरेज. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी शिकले, वाशीमला एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. तो आठवीनंतर शाळेत गेला नाही आणि जिपांची इंजिनं बांधायला लागला. त्याच्या हातून बांधलेली जीप मंगरूळपीरच्या रस्त्यावर आवाजावरून ओळखू येते, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. मला काही ओळखू यायचं नाही. मला सगळ्या जिपा सारख्याच वाटायच्या.

इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकमध्ये तेल फिरायला आतून बारीक वाटा असतात. त्या कारखान्यात बाहेरून आरपार भोकं पाडूनच केलेल्या असतात, आणि भोक जिथं बाहेर निघतं तिथं आटे असलेलं छोटं बूच पिळून तोंड बंद करतात. इंजिन पूर्ण खोललं की ही बुचं काढायची, वाटांमध्ये साचलेला काळा गाळ लांब ब्रशनं काढायचा, आणि प्रत्येक बूच परत आपल्या जागी, गम लावून बसवायचं. ऐकायला सोपं आहे. दादा म्हणायचा की इंजिन बांधण्यात सगळ्यात हलकं काम हे, आणि माणूस मरतो तो इथंच.

सुट्टीत घरी आले की मी शेडमध्ये खाटेवर पुस्तक घेऊन पडायची. बुचं बसवून झाली की दादा हाक मारायचा.

"ओ वाचनारे, ये, बोट लाव."

ब्लॉकच्या वरच्या अंगाला एक भोक असतं, तिथून तेल इंजिनाच्या डोक्याकडे, म्हणजे झडपा उघडणाऱ्या रॉकरकडे चढतं. मी त्यावर अंगठा ठेवायची. तो खालून कंप्रेसरची हवा सोडायचा.

"आली का हवा?"

"आली."

"कशी आली? मांजरीवानी का बैलावानी?"

"बैलासारखी."

"मंग बरोबर." आणि मग चिडवायचा, "तुह्या पुस्तकात लिवलं हाय का तेल कोठून वर चढते ते?"

"लिहिलं असेल."

"असन म्हंजे? पाह्यलं नाही नं? मी पाह्यलं."

बुचं काढली की तो ती कधी डब्यात टाकायचा नाही. साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर ब्लॉकच्या चारी बाजू कोळशानं आखायचा आणि जिथं जे बूच तिथं पुठ्ठ्याला भोक पाडून ते बूच त्यात खोचून ठेवायचा. अक्षर काढायला त्याला लाज वाटायची, म्हणून बाजूला खुणा असायच्या. गोल म्हणजे भाकर, तीन टिंबं म्हणजे तीळ, फुली, नांगर. त्याचा पुठ्ठा दुसऱ्या कोणाला कळायचा नाही. त्याला कोणाला कळवायचंही नव्हतं.

आणि दुसरी एक रीत होती. ज्या भागामुळे इंजिन बिघडलं तो सापडला की दादा त्याला तारेत अडकवून शेडच्या खांबावरच्या एका मोठ्या खिळ्याला टांगायचा. त्याला तो फाशीचा खिळा म्हणायचा. गाडीवाला आला की त्याला हात धरून खांबाशी न्यायचा. "हा पाहा तुमचा चोर. पाहून घ्या, नमस्कार करा, मंग गाडी घेऊन जा." तुटलेली स्प्रिंग, फाटलेलं वॉशर, झिजलेला दात, असे वर्षानुवर्षांचे चोर तिथं लटकलेले होते. लोक हसायचे, पण बघायचे. चोर बघितल्याशिवाय शेलूबाजारात कोणाचं समाधान व्हायचं नाही.

दादा गेला तो सोयाबीन काढणीच्या दिवसांत. दुपारी जेवायला घरात आला, हात धुतले, वहिनीला म्हणाला थोडं पडतो, आणि उठला नाही. शेडमध्ये एका प्रवासी जिपेचं इंजिन पूर्ण खोललेलं होतं. ब्लॉक लाकडी बाकावर, क्रँक पोत्यावर, आणि भिंतीशी टेकवलेला पुठ्ठा.

सुतकाच्या दिवसांत माझ्यासाठी काही काम उरलं नव्हतं. भाकरी शेजारून यायची. क्रियाकर्म चुलतभाऊ बघत होते. वहिनीजवळ तिच्या बहिणी होत्या. मी कोणाच्या जवळ बसले की तिथल्या बायका मला जागा करून देत आणि मग गप्प होत. मला रडायला नीट येत नाही. लहानपणापासून येत नाही. मी घरभर हिंडायची आणि कुठंतरी काहीतरी सरळ करायची. चादरीची घडी, चपलांची रांग.

तेराव्याच्या आदल्या दिवशी घर झाडून-सारवून घ्यायचं होतं. शेडही झाडायची, असं एका आत्यानं सांगितलं, कारण तिथं पाहुण्यांच्या पंगती बसणार होत्या. मी म्हणाले, शेड मी करते. मला इतकं बरं वाटलं की शेवटी एक काम मिळालं.

ब्लॉक आणि क्रँक जड होते, ते चुलतभावांनी कोपऱ्यात सरकवून वर ताडपत्री टाकली. पुठ्ठा मी उचलला. तो तेलानं काळा झाला होता, बुचांना गाळ चिकटलेला. दादाच्या वस्तू अशा घाण स्थितीत राहू नयेत, एवढंच माझ्या मनात होतं. मी एकेक बूच काढून परातीत टाकलं. पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला एक बूच तारेनं बांधलेलं होतं. तार पिळून-पिळून घट्ट केली होती, सोडवताना माझ्या बोटाला टोचली. तेही परातीत टाकलं. मग जुन्या टूथब्रशनं सगळी घासली, फडक्यानं पुसली, ऊन दाखवलं. ती चमकायला लागली.

मग मी ती लावली, ग्रंथालयातली माणसं जशी लावतात तशी. मोठी एका डबीत, लहान एका डबीत. लहानांमध्ये एक फारच वेडंवाकडं निघालं. बाकीच्यांहून आखूड, हातकरवतीनं कापल्यासारखं, आणि वरची खाच तिरपी. मला ते तुकडा वाटलं. ते मी भंगाराच्या टिनात टाकलं. उरलेली सात होती. ब्लॉकवर ताडपत्री उचलून मोजलं, त्या मापाची भोकंही सात. मोजणी जुळली. त्या तेरा दिवसांत कुठलीच गोष्ट जुळली नव्हती, ती एवढी एक जुळली.

पुठ्ठा दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला चुलीत गेला. चूल पेटत नव्हती, लाकडं ओली होती. मीच तो आणून दिला. तेल मुरलेला पुठ्ठा, लगेच पेटला.

चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा, असं मी नव्या मदतनिसांना पहिल्याच दिवशी सांगते.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी जिपेचा ड्रायव्हर आला. चाळिशीचा, गाडी त्याची स्वतःची. सोयाबीनच्या दिवसांत मजूर बायांना वावरात नेऊन सोडायचा, एरवी मंगरूळपीर ते वाशीम सवारी. तो दारात उभा राहिला, बसला नाही.

"वहिनी, तुमी मले काई बोलू नका, मी बी तुमाले काई बोलत नाई," तो म्हणाला. "गाडी उभी हाय, उभी राहू द्या. मी फक्त इचारून राह्यलो, दुसऱ्या मिस्त्रीकडे नेऊ का सामान?"

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"नाही. त्यायनं उघडलं, तं हे इथूनच चालू होऊन जाईन. पोत्यात भरून नाही जाऊ देत मी."

"पन करीन कोन, वहिनी?"

"चाचा करतीन."

चाचा म्हणजे रस्त्यापलीकडचे लेथवाले. दादाचे तीस वर्षांचे शेजारी, साठी ओलांडलेले. त्यांना निरोप गेला तर ते टोपी हातात घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, मी लेथवाला आदमी. लोखंड घासनं माह्यं काम, इंजन बसवनं त्याचं. पन तीस बरस पाह्यलं त्याले. तुमी म्हनता तं कोशिश करतो. वर खुदा हाय." मग माझ्याकडे बघून, "बेटी, तू रजा वाढव. मले एक हात लागन."

त्या जिपेची कथा ड्रायव्हरनंच सांगितली. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे कुठंतरी तिचं इंजिन बांधलं होतं. तेव्हापासून डोक्यावर टकटक. वरचे रॉकर झिजायचे, नवे टाकले की पुन्हा झिजायचे. तीन मिस्त्री झाले, कोणाला कारण सापडलं नाही. म्हणून शेवटी दादाकडे आणली होती. "दादा म्हनले होते, चोर सापडल्याबिगर बांधत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "सापडला का नाही, कोनाले मालूम आता."

चाचांनी बाकावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा पुसला आणि हात पुढे केला.

"पुठ्ठा दे, बेटी."

"पुठ्ठा नाही, चाचा. मी सगळं धुऊन लावून ठेवलं आहे." मी डब्या उघडून दाखवल्या.

चाचांनी डब्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पुठ्ठा कोठी हाय?"

"जाळला."

त्यांनी परत चष्मा पुसला. तो आधीच पुसलेला होता. "बरं," ते म्हणाले. "मोठे तं मोठ्यातच जातीन. लहान सारे एकाच मापाचे हायेत का?"

"एकाच मापाचे. सात भोकं, सात बुचं. मी मोजलं."

"मंग ठीक."

आम्ही दिवसभर बुचं बसवली. दादाची गम लावायची पद्धत मला पाठ होती, आणि ती चाचांना सांगताना मला अभिमान वाटत होता, हेही लिहिलं पाहिजे. आटे आधी तारेच्या ब्रशनं साफ करायचे, पेट्रोलनं पुसून कोरडे करायचे. गम बोटानं लावायची, पण पुढचे दोन आटे कोरडे ठेवायचे. तिथं गम लागली तर बूच आत जाताना ती पुढं ढकलली जाते आणि तेलाच्या वाटेत गोळी होऊन बसते. मग बूच पिळायचं, आणि काठावर पंचानं एक ठोका, म्हणजे ते हलत नाही.

"वा," चाचा म्हणाले, "पुस्तकवाली बाई मिस्त्रीन निघाली."

मी हसले. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा. बुचं कशी बसवायची ते सगळं मला आठवलं. कुठलं कुठं, हे मात्र एकदाही माझ्या मनात आलं नाही. आणि अंगठा लावायचं मी विसरले. वीस वर्षं ज्यानं मला फक्त एवढं एकच काम दिलं होतं, त्याच्याच इंजिनावर विसरले. चाचांनी वाटा बुचं बसवण्याआधी फुंकून घेतल्या होत्या, सगळ्या मोकळ्या होत्या. नंतर परत फुंकायच्या असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक होतं.

आठवड्यानं इंजिन गाडीत बसलं. ड्रायव्हरनं चावी फिरवली, दोनदा घुरघुर झाली आणि सुरू झालं. समोरची तेलाची लाल बत्ती विझली, म्हणजे तेलाचा दाब आला. वहिनी उंबऱ्यात आली, तिच्या बहिणीनं नारळ फोडला. चाचा तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले. ड्रायव्हर खांबाशी गेला, फाशीच्या खिळ्याकडे बघून म्हणाला, "चोर तं नाई दिसून राह्यला नवा."

"असेल त्यातच," मी म्हणाले.

मी वाशीमला परत आले. पाच दिवसांनी दुपारी चाचांचा फोन आला. ते फोनवर नेहमी ओरडून बोलतात, त्या दिवशी हळू बोलले.

"बेटी, रईवारी ये."

रविवारी गेले तर जीप शेडमध्ये होती आणि बाजूला दोन-तीन ड्रायव्हर उभे होते. मी आले तसे ते बाजूला झाले. त्यांचं बोलणं मी रस्त्यावरूनच ऐकलं होतं.

"तेच दुखनं बे. डोक्यावर टकटक."

"दादाले बी नाही सापडलं म्हंजे."

"आता मानूस थकला होता. नजर राहत नाही शेवटी."

"अन आपन त्याले डोळे मिटून गाड्या दिल्या."

हे कोणी वाईट बुद्धीनं बोलत नव्हतं. ते मला जास्त लागलं.

चाचांनी वरचं झाकण काढून ठेवलं होतं. रॉकर कोरडे होते. ज्या दांड्यावर ते हलतात तो घासून निळा पडला होता. चाचांनी बोट फिरवून मला दाखवलं, बोटाला काळी भुकटी लागली, तेल नाही.

"खाले तेल हाय, बत्ती बी इझते," ते म्हणाले. "वर थेंब नाही. ते कोठी जाते, बेटी? तू त्याच्याजवळ बसत होती. सांग."

मी म्हणाले, "चाचा, अंगठा लावून बघू."

दांडा काढला. खाली तेलाच्या बत्तीचा स्विच असतो, तो काढून त्या भोकातून चाचांनी हवा सोडली. मी वरच्या भोकावर अंगठा ठेवला.

"आली का?"

"नाही."

"नीट पाह्य."

"नाही, चाचा. मांजरीचीसुद्धा नाही."

समोरचं झाकण, त्यामागचे गिअर, सगळं उतरवायला दुपार झाली. मुख्य वाट ब्लॉकच्या समोरच्या तोंडाशी संपते, आणि संपण्याच्या थोडं आधी तिच्यातून वर जाणारी वाट फुटते. तिथलं बूच चाचांनी काढलं आणि तळहातावर धरलं. सुबक, कारखान्यातलं, नीट षट्कोनी खाच असलेलं बूच. ते त्यांनी भोकाशेजारी धरून मापलं. लांबीला दोन-तीन आटे जास्त होते. त्याचा पुढचा भाग वर जाणाऱ्या वाटेच्या तोंडावर जाऊन बसत होता, आणि त्याच्या कडेवर त्या तोंडाची अर्धगोल खूण उमटली होती. एक खूण नवी होती. तिच्याखाली एक जुनी, काळी पडलेली होती.

"हे दोन बरस इथंच होतं," चाचा म्हणाले. "हाच चोर. मंग त्यानं काढला नाही?"

तेव्हा मला तार आठवली. पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला पिळून बांधलेलं बूच. माझ्या बोटाला टोचलेलं टोक. दादानं चोर पकडला होता, तारेत अडकवला होता, जेवून आल्यावर तो खांबावर टांगणार होता. मी तार सोडवली, तो घासून-पुसून स्वच्छ केला आणि बाकीच्यांत नेऊन बसवला.

मी भंगाराचं टिन उपडं केलं. खिळे, पत्र्याचे तुकडे, तुटके बोल्ट. हात काळे होईपर्यंत शोधलं. सापडलं. आखूड, वाकडं, तिरप्या खाचेचं. चाचांनी ते उजेडात फिरवून पाहिलं आणि खाली बसले.

"त्या दिवशी सकाळी माह्याजवळून करवतीचं पातं घेऊन गेला होता," ते म्हणाले. "मी म्हटलं, लेथवर देतो कापून. म्हने, नाही चाचा, दोन आट्यासाठी तुमाले कायले तरास."

आखूड बूच मीच बसवलं. चाचांनी बसवू दिलं. गम लावली, पुढचे दोन आटे कोरडे ठेवले. वर अंगठा लावला. हवा आली. कशी आली ते चाचांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

नवा दांडा लगेच मिळेना. रिठदला एका शेतात तसल्याच जुन्या जिपेचा सांगाडा पडून होता, त्यात कोंबड्या बसायच्या. चाचा आणि ड्रायव्हर जाऊन तिच्या डोक्यातून दांडा आणि रॉकर काढून घेऊन आले. दोन दिवसांनी जीप सुरू झाली आणि डोक्यावर टकटक नव्हती.

वहिनीला मी त्याच दिवशी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबला नाही.

"तू नसतं धुतलं तं म्या धुतलं असतं," ती म्हणाली. मग एक खडा बाजूला टाकत, "म्हंजे त्यायले सापडलं होतं."

"हो."

"लोकायले सांग मंग. लोक भलतंच बोलून राह्यले."

ते मला करायचं होतंच. तेवढं एकच माझ्या हातात उरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर गेले. मी तिथं कधी जात नाही. ड्रायव्हर लोक बाकावर होते, मला बघून उठले. एकानं बाक पुसला. मी उभ्यानंच सांगितलं. पुठ्ठा, तार, परात, डब्या, सगळं क्रमानं. दादाला चोर सापडला होता, चूक माझी आहे. लांब बूच सोबत नेलं होतं, ते पुढं केलं.

ते हातोहात फिरलं. सगळ्यांनी निरखून पाहिलं. चांगलं बूच होतं, त्यात कोणालाही काही खोट दिसली नाही.

जिपेचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, बसा. चहा घ्या."

"तुम्हाला कळलं ना?"

"कळलं नं. सारं कळलं." त्यानं खाली बघितलं. "पन मेलेल्या मानसाची चूक कोन काढून राह्यलं, ताई? काहून तुमी आंगावर घेता? तुमी कॉलेजातल्या बाई, तुमी कायले बुचं धुसान?"

"मी धुतली. खरंच धुतली."

"धुतली असन," दुसरा म्हणाला, आणि शेजारच्याला हळूच, पण मला ऐकू येईल असं, "बहीन असावी तं अशी."

"पुठ्ठा दाखवा मंग," एक तरणा थट्टेनं म्हणाला. त्याला बाकीच्यांनी दटावलं. "चूप बे. घरात मानूस गेलं त्यायच्या."

पुठ्ठा नव्हता. तार मी कुठं टाकली ते मला आठवत नव्हतं. आखूड बूच इंजिनात होतं, आणि इंजिन चालू होतं. ते दाखवायचं तर सगळं परत खोलावं लागलं असतं. चाचा माझ्यासारखंच सांगत होते, पण चाचा दादाचे दोस्त. दोस्त असंच बोलणार.

संध्याकाळी मला वाशीमला परतायचं होतं. ड्रायव्हरनं मला पुढं, स्वतःच्या बाजूला बसवलं. मागं बाया होत्या, दिवसभर सोयाबीन सोंगून दमलेल्या, आणि एक म्हातारा. त्यानं विचारलं, "तेच मिस्त्री का रे, ज्यायनं हे बांधलं?"

"होय बाबा. देवमानूस होता," ड्रायव्हर म्हणाला. "फक्त हे एक राह्यलं त्याच्या हातून. शेवटच्या वक्ताले नाही सापडलं. मंग लेथवाल्या चाचायनं काढलं."

"होते तसं," म्हातारा म्हणाला. "वयच तसं राह्यते."

"त्याला सापडलं होतं," मी म्हणाले.

"होय ताई, होय," ड्रायव्हर मऊ आवाजात म्हणाला, आणि माझ्यासाठी म्हणून त्यानं चालू असलेलं गाणं बंद केलं. मी समोर विझलेल्या लाल बत्तीकडे बघत होते. वरून काही आवाज येत नव्हता. तेल आपल्या वाटेनं वर जात होतं, दादानं दोन आटे कापून मोकळ्या केलेल्या वाटेनं.

वाशीमला स्टँडवर मी उतरले तेव्हा त्यानं गाडी बंद केली नाही. खिडकीतून वाकला, एकदा अ‍ॅक्सिलेटर दाबला, सोडला.

"ऐका ताई. कसं चालून राह्यलं."

"ऐकलं," मी म्हणाले.

लांब बूच माझ्या पर्समध्ये होतं. टपरीवरून परतल्यावर ते मी फाशीच्या खिळ्याला टांगणार होते, पण टांगलं नाही. तिथं ते बघून चोर पकडला म्हणून कोणीतरी चाचांचीच तारीफ केली असती.